विक्रांतवरचे संग्रहालय : विमाने उरली, उड्डाणपट्टी गेली

कन्हान-कामठीच्या परिसराला लष्कर परके नाही. कामठीची छावणी १८२१ सालची; ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचे रेजिमेंटल केंद्र तेथेच आहे. जवळच नागपुरात भारतीय हवाई दलाच्या देखभाल कमांडचे मुख्यालय आहे. त्यामुळे गणवेश, संचलन आणि डोक्यावरून जाणारे विमान यांचे येथील माणसाला फारसे अप्रूप नसते. अपरिचित राहिले ते नौदल. कन्हान नदीचे पाणी वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी असा लांबचा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते खरे. पण विदर्भातल्या माणसाला समुद्र पाहायचा तर रात्रभराची रेल्वे करून मुंबईच गाठावी लागते. त्या मुंबईत २००१ ते २०१२ या काळात एक असे ठिकाण होते, की जेथे समुद्र, युद्धनौका आणि लढाऊ विमान ही तिन्ही एकाच वेळी पाहता येत. ते ठिकाण म्हणजे ‘आयएनएस विक्रांत’. भारताच्या या पहिल्या विमानवाहू युद्धनौकेचे निवृत्तीनंतर संग्रहालय झाले होते. आज ते संग्रहालय नाही आणि ते ज्या जहाजावर होते ते जहाजही नाही.

विक्रांत मोडीत निघाली तेव्हा बहुतेक लिखाण १९७१ च्या युद्धातील पराक्रमाविषयी झाले आणि ते योग्यच होते. मात्र तिच्याबरोबर नेमके काय गेले, याचा हिशेब थोडा वेगळा आहे. तिच्यावरून उडालेल्या जातीची विमाने आजही देशात पाहायला मिळतात. पाहायला मिळत नाही ती दोनशे तेरा मीटर लांबीच्या जहाजावरची उड्डाणपट्टी, जिच्यावर उभे राहिल्याखेरीज त्या विमानांचे मोल कळत नाही.

टाइन नदीपासून बॅलार्ड पिअरपर्यंत

विक्रांतचा जन्म भारतासाठी झालेला नव्हता. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना ब्रिटिश नौदलासाठी मॅजेस्टिक वर्गाच्या हलक्या विमानवाहू नौकांची मागणी नोंदविण्यात आली. त्यांपैकी ‘हर्क्युलस’ या नौकेची बांधणी १४ ऑक्टोबर १९४३ रोजी टाइन नदीकाठच्या व्हिकर्स-आर्मस्ट्राँग गोदीत सुरू झाली. २२ सप्टेंबर १९४५ रोजी तिचे जलावतरण झाले, तोवर युद्ध संपले होते. ब्रिटनला आता तिची गरज उरली नव्हती. पुढच्याच वर्षी काम थांबविण्यात आले आणि तीन-चतुर्थांश पूर्ण झालेला हा सांगाडा दशकभर तसाच पडून राहिला.

भारताने १९५७ च्या जानेवारीत तो विकत घेतला. बेलफास्ट येथील हारलँड अँड वुल्फ या गोदीत तो पूर्ण करण्याचे काम झाले. ‘टायटॅनिक’ बांधणारी गोदी ती हीच. दहा वर्षे थांबल्याचा एक फायदा असा झाला, की मधल्या काळात विमानवाहू नौकांच्या रचनेत जे महत्त्वाचे बदल झाले ते या जहाजाला मिळाले. त्यांत तिरकी उड्डाणपट्टी होती आणि वाफेवर चालणारे कॅटापल्ट होते. ४ मार्च १९६१ रोजी ब्रिटनमधील भारताच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ‘विक्रांत’ भारतीय नौदलात दाखल झाली. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू हे तिचे पहिले कमान अधिकारी. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी ती मुंबईला पोहोचली, तेव्हा बॅलार्ड पिअरवर तिचे स्वागत करण्यास पंतप्रधान पंडित नेहरू उपस्थित होते.

त्याआधीच, १८ मे १९६१ रोजी, तिच्यावर पहिले जेट विमान उतरले होते. ते उतरविणारे वैमानिक होते लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी. हेच ताहिलियानी पुढे अॅडमिरल होऊन १९८४ मध्ये नौदलप्रमुख झाले.

जहाजावर विमान उतरते म्हणजे काय

हे उतरणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याशिवाय विक्रांतवरच्या संग्रहालयाचे महत्त्व लक्षात येत नाही. जमिनीवरच्या विमानतळाची धावपट्टी दोन-तीन किलोमीटर लांब असते आणि ती जागच्या जागी असते. विक्रांतची एकूण लांबीच २१३ मीटर होती. त्यातही विमान उतरण्यासाठी वापरता येणारा भाग त्याहून कमी. आणि तो भाग लाटांवर वरखाली होत पुढे सरकत असे. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असे. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एखाद्या दोरात तो अडकला, की विमान थोड्याच अंतरात थांबे. आकडा कोणत्याच दोरात अडकला नाही, तर वैमानिकाने त्याच क्षणी पुन्हा हवेत झेपावायचे. तिरकी उड्डाणपट्टी हवी ती यासाठीच. पट्टी सरळ असती तर चुकलेले विमान पुढे उभ्या असलेल्या विमानांवर जाऊन आदळले असते.

उड्डाणाची कथा याच्या उलट. डेकच्या पृष्ठभागाखाली बसविलेल्या लांब नळ्यांमध्ये जहाजाच्या बॉयलरची वाफ सोडली जाई. त्या वाफेच्या दाबाने दट्ट्या पुढे फेकला जाई आणि त्याला जोडलेले विमान गोफणीतून सुटावे तसे पुढे सुटे. तेवढ्यानेही भागत नसे. जहाज वाऱ्याच्या दिशेने तोंड करून शक्य तितक्या वेगाने चालवावे लागे, म्हणजे जहाजाचा वेग आणि वाऱ्याचा वेग यांची बेरीज विमानाच्या पंखांना मिळे. म्हणूनच विमानवाहू नौकेत बॉयलरवाला आणि वैमानिक यांचे नशीब एकमेकांना बांधलेले असते. १९७१ मध्ये याचा पुरेपूर प्रत्यय आला.

विक्रांतच्या आरंभीच्या दोन विमानांची येथे ओळख करून द्यायला हवी, कारण पुढे संग्रहालयात लोकांनी पाहिली ती याच जातीची विमाने. पहिले सी हॉक. ब्रिटिश बनावटीचे, एका आसनाचे, एका रोल्स-रॉइस नेने जेट इंजिनावर चालणारे हे देखणे लढाऊ विमान. बहुतेक जेट विमानांत इंजिनातून निघणारा तप्त वायू शेपटीतून बाहेर पडतो. सी हॉकमध्ये मात्र ती नळी दुभंगून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर काढलेली होती. त्यामुळे धडाचा मागचा भाग इंधनासाठी मोकळा राहिला. शेपटीत भोक का नाही, हा प्रश्न हे विमान प्रथम पाहणाऱ्याला हटकून पडतो. चार तोफा, पंखांखाली बाँब किंवा रॉकेटे, आणि हँगरमध्ये मावावे म्हणून वर दुमडणारे पंख, अशी त्याची रचना होती. नौदलाच्या ‘व्हाइट टायगर्स’ या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे ही विमाने होती.

दुसरे अलिझे. हे फ्रान्सच्या ब्रेगे कंपनीचे. अलिझे म्हणजे फ्रेंच भाषेत व्यापारी वारे, आणि नावाप्रमाणेच ते संथपणे समुद्रावर तासन्‌तास फिरणारे विमान होते. पुढे एकच पंखा, त्यामागे रोल्स-रॉइस डार्ट टर्बोप्रॉप इंजिन, आत तीन माणसे, आणि पोटाखाली गरजेनुसार बाहेर काढता येणारे रडार. त्याचे मुख्य काम पाणबुड्या शोधणे. पंखांवरच्या फुगीर कप्प्यांत चाके मावत आणि पाण्यात टाकून पाणबुडीचा आवाज टिपणारे सोनोबॉयही तेथेच ठेवलेले असत. दिसायला ते बेंगरूळ. पण नौदलातील जुने लोक त्याच्याविषयी ममतेने बोलत. ‘कोब्राज’ या ३१० क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ते तीन दशके वापरले. १९९१ मध्ये ते सेवेतून निवृत्त झाले.

एका बॉयलरची गोष्ट

१९६५ च्या युद्धात विक्रांत मुंबईच्या गोदीत दुरुस्तीसाठी होती. पाकिस्तानने ती बुडविल्याचे जाहीर करून टाकले, यावर नौदलात पुढे बराच विनोद झाला. परंतु युद्धात भाग घेता न आल्याची खंत त्या विनोदाखाली होतीच.

१९७० मध्ये चारपैकी एका बॉयलरला तडे गेल्याचे आढळले. जहाजाचा वेग मर्यादित ठेवावा लागणार होता. वेग नाही तर डेकवर वारा नाही, आणि वारा नाही तर जड अलिझेला झेप घेता येणार नाही. असे जहाज युद्धात न्यावे की नाही, यावर मतभेद होते. अखेर धोका पत्करून विक्रांत पूर्व किनाऱ्याकडे पाठविण्यात आली आणि अंदमानच्या आडोशाला ठेवण्यात आली. तिच्याच शोधात आलेली पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या दरम्यानच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ डिसेंबरला सकाळी विक्रांतवरून आठ सी हॉक उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. त्याच दिवशी चितगाववर हल्ला झाला. पुढील दिवसांत खुलना, मोंगला अशा पूर्व पाकिस्तानच्या बंदरांवर सी हॉकनी दिवसा आणि अलिझेंनी रात्री मारा केला. समुद्रमार्गे मदत येण्याचा किंवा सैन्य निसटून जाण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. विक्रांतवरील मंडळींना दोन महावीरचक्रे आणि बारा वीरचक्रे मिळाली. महावीरचक्राचे मानकरी होते जहाजाचे कमान अधिकारी कॅप्टन स्वराज प्रकाश आणि सी हॉक स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता.

नंतरच्या काळात विमाने बदलली आणि जहाजही बदलले. डिसेंबर १९८३ मध्ये सी हॅरियर गोव्याच्या दाबोळी तळावर दाखल झाली. ही विमाने अगदी थोड्या जागेत उड्डाण करीत आणि सरळ खाली उतरत. त्यांना ना कॅटापल्ट लागे, ना दोर. तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात विक्रांतचे कॅटापल्ट काढण्यात आले आणि डेकच्या टोकाशी वर उचललेला उतार, म्हणजे स्की-जंप, बांधण्यात आला. याचा परिणाम असा झाला, की अलिझेला कायमचे जमिनीवरच्या तळाकडे जावे लागले. १९९४ च्या नोव्हेंबरात विक्रांत अखेरची समुद्रात गेली आणि ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली.

अकरा वर्षांचे संग्रहालय

ही नौका जतन करावी, अशी इच्छा निवृत्तीच्या वेळेपासून व्यक्त होत होती. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या समुद्रात आंतरराष्ट्रीय नौदल संचलन झाले. त्याच वर्षी नौदलाने विक्रांत सामान्य नागरिकांसाठी खुली केली. कायमस्वरूपी संग्रहालय राज्य सरकारने उभारावे आणि त्यासाठी चालविणारा भागीदार शोधावा, अशी कल्पना होती. तोवर नौदलच यजमान होते. नौदल गोदीच्या आत जहाज उभे असल्याने येणे-जाणे मुक्त नव्हते. नौदल सप्ताहाच्या सुमारास मात्र मोठ्या रांगा लागत.

आत गेलेल्या माणसाला पहिला धक्का बसे तो हँगरचा. बाहेरून जहाज वाटणारी वस्तू आतून एखाद्या गिरणीच्या शेडसारखी. तेथे आणि वर डेकवर मिळून सी हॉक, अलिझे यांसारखी विमाने, सी किंग आणि चेतक ही हेलिकॉप्टरे, जहाजाच्या आणि नौदलाच्या इतिहासाची छायाचित्रे व प्रतिकृती मांडलेल्या होत्या. विमाने हँगरमधून वर नेणारा प्रचंड लिफ्टचा चौकोन पाहिला, की पंख दुमडण्याची गरज कोणी समजावून सांगावी लागत नसे. आणि मग डेकवर यावे. समोर मुंबई बंदर, डावी-उजवीकडे पाणी, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला तीन मिनिटेही पुरी. एवढ्याच जागेत जेट विमान उतरत असे, हे चालून पाहिलेल्या माणसाला वेगळे सांगण्याची आवश्यकता उरत नसे. पुस्तकातला २१३ मीटर हा आकडा आणि पायांखालचे २१३ मीटर यांत फार फरक असतो.

जाणकारांच्या दृष्टीने या संग्रहालयात एक मोठी विसंगती होती, आणि तीच त्याची खरी गंमत. डेकच्या एका टोकाला स्की-जंप होता, म्हणजे जहाज आपल्या अखेरच्या, हॅरियरच्या काळातल्या रूपात होते. त्यावर मांडलेली सी हॉक आणि अलिझे होती कॅटापल्टच्या काळातली. या रूपातल्या डेकवरून त्या विमानांना उडताच आले नसते. साठच्या दशकातले ब्रिटिश तंत्र, फ्रेंच विमान, ऐंशीच्या दशकातला नवा उतार, असे तीन काळ एकाच पट्टीवर एकमेकांशेजारी उभे होते. नौदल कसे बदलत गेले हे सांगणारा याहून स्पष्ट धडा एखाद्या बंदिस्त दालनात मांडता आला नसता. तसा फलक लावून ही गोष्ट अधिक ठसविता आली असती, हेही खरे.

पोलाद आणि खारे पाणी

जहाजाचे संग्रहालय करणे ही वाड्याचे संग्रहालय करण्यासारखी गोष्ट नव्हे. वाडा पडून राहिला तरी दहा वर्षे उभा असतो. जहाज खाऱ्या पाण्यात उभे असते, आणि त्याचा पत्रा दररोज झिजत असतो. पाण्याखालचा भाग तपासायचा, खरवडायचा आणि रंगवायचा तर ठरावीक वर्षांनी त्याला सुक्या गोदीत घ्यावे लागते. विक्रांतच्या आकाराचे जहाज घेऊ शकेल अशी सुकी गोदी मोजक्या ठिकाणी असते आणि ती कामावरच्या युद्धनौकांना हवी असते. शिवाय नौदल गोदीतला प्रत्येक धक्का मोलाचा. निवृत्त जहाज तेथे वर्षानुवर्षे ठेवणे म्हणजे चालत्या जहाजाची जागा अडविणे.

म्हणूनच विक्रांतला गोदीबाहेर, स्वतःच्या कायमच्या जागी नेऊन ठेवण्याच्या योजना चर्चेत आल्या. कुलाब्यालगतच्या ऑइस्टर रॉक या खडकाळ बेटापाशी तिला स्थिर करावे, ही त्यांतली सर्वाधिक गाजलेली. खर्चाचे आकडे शेकडो कोटींचे निघाले. राज्य सरकारला खासगी भागीदार हवा होता; भागीदाराला नफ्याची खात्री हवी होती. केंद्राचे म्हणणे असे, की जहाज देतो, पुढचे राज्याने पाहावे. विक्रांत जपली पाहिजे याविषयी कोणाचेच दुमत नव्हते. बिल कोणी भरायचे एवढेच ठरले नव्हते. ते अखेरपर्यंत ठरले नाही.

२०१२ मध्ये जहाज लोकांसाठी सुरक्षित राहिले नसल्याच्या कारणावरून संग्रहालय बंद करण्यात आले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल शेखर सिन्हा यांनी जहाज मोडीत काढले जाईल, असे सांगितले. देखभाल अवघड झाली होती आणि संग्रहालय चालवायला कोणी पुढे आले नव्हते. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ती २०१४ च्या जानेवारीत फेटाळली गेली. ई-लिलावात दारूखान्यातील एका जहाजतोडणी व्यावसायिकाने सुमारे ६० कोटी रुपयांना जहाज घेतले. २८ मे २०१४ रोजी टगबोटींनी ओढून विक्रांत दारूखान्याच्या पावडर बंदराकडे नेण्यात आली. १४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने मोडण्याला अंतिम परवानगी दिली आणि २२ नोव्हेंबर २०१४ पासून गॅसकटर चालू लागले.

नौदलाला दोष देणे येथे सोपे आहे, पण न्याय्य नाही. नौदलाचे काम चालती जहाजे चालती ठेवणे हे आहे. निवृत्तीनंतर जवळजवळ दीड दशक त्याने हे जहाज तरंगते ठेवले, हीच मोठी गोष्ट म्हणावी लागेल.

परदेशांतली उदाहरणे या वादात वारंवार दिली जात. न्यूयॉर्कमध्ये ‘इंट्रेपिड’ १९८२ पासून संग्रहालय आहे. सॅन दिएगोला ‘मिडवे’ २००४ मध्ये खुली झाली. ही दोन्ही जहाजे अजून पाण्यात आहेत. मात्र ती चालविणाऱ्या संस्था स्वतंत्र आहेत, तिकिटांच्या आणि देणग्यांच्या पैशांवर त्यांचा हिशेब उभा आहे. आणि तरीही २००६ मध्ये ‘इंट्रेपिड’ दुरुस्तीला नेण्यासाठी ओढू लागले तेव्हा ती हडसन नदीच्या गाळात रुतून बसली; महिनाभराने ती सुटली आणि दुरुस्ती होऊन २००८ मध्ये परत आली. असा प्रसंग विक्रांतवर आला असता तर पैसे कोणी दिले असते, याचे उत्तर मुंबईत कोणाजवळही नव्हते.

खरे तर उपयोगी उदाहरण घरचेच होते. ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली. विशाखापट्टणमच्या नगरविकास प्राधिकरणाने ती चक्क समुद्रातून ओढून रामकृष्ण बीचच्या वाळूवर आणली आणि २००२ च्या ऑगस्टमध्ये तिचे संग्रहालय सुरूही झाले. २०१७ मध्ये तिच्यासमोरच नौदलाचे टीयू-१४२ हे अवाढव्य टेहळणी विमान आणून ठेवण्यात आले. पाणबुडी विमानवाहू नौकेच्या तुलनेत लहान, हे मान्य. परंतु तेथे दोन गोष्टी आरंभीच ठरल्या होत्या : वस्तू पाण्याबाहेर काढायची आणि मालक एकच असेल. विक्रांतच्या बाबतीत यांपैकी एकही ठरली नाही.

विमानाला मालक नसला म्हणजे काय होते, हे नागपूरकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे. १९९१ मध्ये एका खासगी कंपनीचे बोइंग ७२० विमान बिघाडामुळे सोनेगाव विमानतळावर उतरले आणि पुन्हा उडालेच नाही. बोइंगने या जातीची अवघी १५४ विमाने बनविली होती. त्यांतले एक नागपूरच्या धावपट्टीलगत चोवीस वर्षे ऊनपाऊस खात उभे राहिले. विमानात बसलेल्या प्रत्येकाने ते खिडकीतून पाहिले, पण ते संग्रहालयाचे झाले नाही आणि भंगाराचेही झाले नाही. २०१५ मध्ये ते धावपट्टीपासून दूर हलविण्यात आले, तेही सुरक्षेच्या कारणासाठी.

पुन्हा तीच वाट

विक्रांतनंतरची विमानवाहू नौका ‘विराट’. मूळची ब्रिटिश ‘हर्मिस’, १९८७ मध्ये भारताकडे आलेली. ६ मार्च २०१७ रोजी ती मुंबईत निवृत्त झाली, तेव्हा विक्रांतचा अनुभव ताजा होता. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सिंधुदुर्ग जिल्ह्यातील निवतीजवळ विराटचे संग्रहालय आणि पर्यटन केंद्र करण्याच्या ८५२ कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली. तीही योजना खासगी भागीदारीवर अवलंबून होती आणि तीही कागदावरच राहिली. जहाज ३८ कोटी ५४ लाख रुपयांना विकले गेले. २०२० च्या सप्टेंबरात ते गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढविण्यात आले. पुढच्या वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तोवर बराच भाग कापून झाला होता. न्यायालयानेही त्यामुळे हस्तक्षेप करण्यास नकार दिला. चार वर्षांच्या आत तोच प्रवास दुसऱ्यांदा झाला, फक्त दारूखान्याऐवजी अलंग.

निवतीच्या समुद्राच्या वाट्याला नंतर दुसरेच जहाज आले. २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौदलाची सैन्यवाहू नौका महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्वाधीन करण्यात आली. निवतीजवळ ती मुद्दाम बुडवून पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळबेट करण्याची ही योजना आहे. जहाज तरंगते ठेवण्याचा खर्च टाळण्याचा हा एक मार्ग म्हणायचा.

काय उरले

विक्रांतच्या पोलादाचा काही भाग एका दुचाकी कंपनीने विकत घेतला आणि २०१६ च्या फेब्रुवारीत बाजारात आलेल्या ‘बजाज व्ही’ या मोटारसायकलच्या इंधनटाकीत तो वापरला. त्याच वर्षी २५ जानेवारीला मुंबईत नौदल गोदीबाहेर, लायन गेटजवळ, अर्झान खंबाटा यांनी विक्रांतच्याच धातूतून घडविलेल्या स्मारकाचे अनावरण झाले. रोज हजारो माणसे त्याच्यासमोरून जातात. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नवी, भारतात बांधलेली विक्रांत नौदलात दाखल झाली. तिने जुन्या जहाजाचे नावच नव्हे तर आर ११ हा क्रमांकही घेतला. ती सेवेतली युद्धनौका असल्याने डेकवर फिरायला जाण्याचे ते ठिकाण अर्थातच नव्हे.

विमानांसाठी मात्र जागा आहे. गोव्यात दाबोळी विमानतळापासून जवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे वैमानिकी संग्रहालय १९९८ पासून आहे. तेथे सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर तिन्ही जातीची विमाने आहेत, सी किंग आणि चेतक आहेत. फेअरी फायरफ्लाय, शॉर्ट सीलँड यांसारखी विक्रांतच्याही आधीची दुर्मीळ विमाने आहेत. अंगणात सर्वांत मोठे उभे आहे ते सुपर कॉन्स्टेलेशन. ‘रानी ऑफ एलोरा’ या नावाने ते एके काळी एअर इंडियाचे प्रवासी नेत असे. पुढे हवाई दलाकडे आणि तेथून टेहळणीसाठी नौदलाकडे आले. वेरूळचे नाव लाभलेले हे विमान गोव्याच्या पावसात बरेच कळकट झाले आहे, तरी त्याची तीन शेपट्यांची आकृती दुरूनही ओळखू येते.

सी हॉक येथे सपाट जमिनीवर, रंगविलेल्या कडांच्या आत उभे आहे. त्याच्या शेपटीखालचा आकडा जवळ गेल्यावर दिसतो. तो कशासाठी, हे फलक वाचून समजून घ्यावे लागते. विदर्भातून जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की संग्रहालय सोमवारी बंद असते आणि बहुतेक विमाने उघड्यावर असल्याने पावसाळा टाळलेला बरा.